डबी बिघडली तर बिघडू दे, कागद कुठंय?

घरात कुठली वस्तू कुठे आहे, हे कुणाला विचारतात? बाईलाच! रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, विम्याच्या पावत्या, गॅसचं पुस्तक, लॉकरची किल्ली. "अगं, ते कुठं ठेवलंस?" अशी हाक आली की आपण हातातलं लाटणं बाजूला ठेवतो आणि बरोबर त्या डब्यातून, त्या पिशवीतून ती वस्तू काढून देतो. पण अलीकडे काही घरांच्या कपाटात एक अशी वस्तू येऊन बसली आहे की जिच्याबद्दल घरच्या बाईला कुणी काही सांगतच नाही. दिसायला पेनड्राइव्हसारखी. छोटासा पडदा, एक-दोन बटणं. तिला म्हणतात हार्डवेअर वॉलेट. मी आपली तिला डबी म्हणते.

ही डबी बिटकॉइन, इथेरियम अशा आभासी चलनासाठी असते. तुम्ही म्हणाल, हे आमच्या तालुक्याच्या गावात कुठून आलं? आलंय, मैत्रिणींनो. पुण्या-मुंबईला, बंगळूरला नोकरी करणारी मुलं, गावातले संगणक शिकलेले तरुण, एखादा दुकानदार, अगदी शिक्षकसुद्धा यात थोडेफार पैसे घालून बसले आहेत. बरेच जण हे चलन एक्स्चेंजच्या ॲपवरच ठेवतात. पण जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर मोठी चोरी झाली, सुमारे २३ कोटी डॉलरचं चलन गेलं आणि ग्राहकांचे पैसे अडकून पडले. असं काही ऐकलं की माणूस म्हणतो, आपलं आपल्या ताब्यात असलेलं बरं. मग तो ही डबी मागवतो. फ्रान्सची लेजर आणि चेक प्रजासत्ताकातली ट्रेझर ही त्यातली जुनी नावं.

हे चलन घ्यावं की घेऊ नये, यावर मी आज बोलणार नाही. हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, अशा गोष्टीत संसाराचा पैसा घालायला माझं मन धजत नाही, हे मात्र खरं. पण घरातल्या कुणी घेतलंच असेल तर ती घरची मालमत्ता झाली. मग ती सांभाळायची रीत घरच्या बाईला ठाऊक असायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि त्यासाठी फार शिकावं लागतं असंही नाही. मी कला शाखेची पदवीधर. भाच्याला शेजारी बसवून, एकच प्रश्न दहादा विचारून हे समजून घेतलं. तुम्हालाही समजेल.

पहिली गोष्ट. चलन डबीत नसतंच! ते असतं एका जगभरच्या खातेवहीत. तिला ब्लॉकचेन म्हणतात आणि तिच्या नकला हजारो संगणकांवर असतात. डबीत असते ती फक्त त्या खात्याची किल्ली. आणि डबी पहिल्यांदा सुरू करताना ती पडद्यावर ओळीने काही इंग्रजी शब्द दाखवते. कधी बारा, बहुधा चोवीस. ते कागदावर क्रमाने लिहून ठेवायचे असतात. या शब्दांतून ती किल्ली पुन्हा जशीच्या तशी घडवता येते. म्हणजे डबी ही किल्ली, तर कागद हा किल्लीचा साचा. किल्ली हरवली तर साच्यावरून दुसरी करता येते. साचाही गेला आणि किल्लीही गेली, तर मात्र कुठल्याही बँकेत, कुठल्याही कोर्टात दाद मागून उपयोग नाही. तिथे मॅनेजरच नाही, तर अर्ज देणार कुणाला?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. यजमान खासगी नोकरीत होते. हृदयविकाराने अचानक गेले. दिवसकार्य झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काकू, काकांनी बिटकॉइन घेतले होते, मला बोलले होते." कपाटात डबी सापडली. पुतण्याने काकांची जन्मतारीख टाकून पाहिली, मग लग्नाची तारीख, मग गाडीचा नंबर. तीनदा चुकल्यावर डबीने स्वतःला कोरं करून टाकलं. "कागद असेल तर अजून काही बिघडलं नाही," असं त्याला कुणीतरी सांगितलं. तेव्हा ताईंच्या लक्षात आलं. दिवाळीच्या साफसफाईत एका जुन्या वहीत त्यांना आकडे घातलेले इंग्रजी शब्द दिसले होते. अर्थ लागेना, वाक्य होईना. मुलाचे स्पेलिंग पाठ करायचे शब्द असतील असं समजून त्यांनी ती वही रद्दीत घातली. त्यात त्यांची काय चूक? त्यांना कुणी सांगितलं होतं का, की बाई, ही वही म्हणजे तिजोरी आहे? किती पैसे होते हेही त्यांना आजतागायत माहीत नाही. मला विचारलं, "ताई, मी त्यांचे पैसे रद्दीत घातले का हो?" काय उत्तर देणार!

आणि हे फक्त आपल्याकडच्या बायकांचंच होतं असं समजू नका. स्टीफन थॉमस नावाचा एक जर्मन संगणकतज्ज्ञ अमेरिकेत राहतो. त्याच्या ७००२ बिटकॉइनची किल्ली एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये आहे. दहा वेळा पासवर्ड चुकला की तो पेनड्राइव्ह कायमचा बंद. जानेवारी २०२१ मध्ये त्याची कथा जगभर छापून आली, तेव्हा त्याचे आठ प्रयत्न वाया गेले होते. आणि पासवर्ड गेला कसा? ज्या कागदावर लिहिला होता, तो कागद हरवला! तज्ज्ञ माणसाचं हे झालं, तर आपल्या घरच्यांनी फार आत्मविश्वासात राहू नये.

म्हणून मला वाटतं, डबी बिघडली की घरात जी धावपळ होते ती उलट्या टोकाने सुरू होते. मुलगा केबल बघतो, नवरा इंटरनेटवर शोधत बसतो, शेजारचा कुणी बटणं दाबून पाहतो. आधी एकच प्रश्न विचारायला हवा, कागद कुठंय? कागद हाताशी आहे, नीट वाचता येतो आहे, एवढी खात्री झाली की डबीचं कुठलंही दुखणं जिवावरचं राहत नाही. आता ही नेहमीची दुखणी कोणती, तेही बघूया.

सगळ्यांत जास्त तक्रार असते ती डबी सुरूच होत नाही किंवा संगणकाला दिसत नाही अशी. बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. मोबाइलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. डबीसोबत आलेली केबल लावावी, ती थेट संगणकाला जोडावी, चार तोंडांच्या जोडपट्टीतून नव्हे. पिन टाकून डबी उघडावी आणि मग कंपनीचं ॲप उघडावं. काही डब्यांत बॅटरी असते. वर्षानुवर्षं कपाटात पडून ती मरते. पण केबल लावल्यावर अशी डबी सहसा चालते. काही डब्यांना बॅटरी नसतेच, त्या केबलवरच चालतात. तेव्हा 'बंद पडली' म्हणून कुणी घाईने टाकून देऊ नये, की दुरुस्तीच्या दुकानात उघडायला देऊ नये.

दुसरं दुखणं पिन विसरण्याचं. इथे अंदाजपंचे चालत नाही. लेजरच्या डबीत तीनदा पिन चुकला की डबी कोरी होते. ट्रेझरमध्ये त्याहून जास्त प्रयत्न मिळतात आणि प्रत्येक चुकीनंतर थांबायचा वेळ वाढत जातो. कागद असेल तर डबी कोरी होण्याचं भय नाही, शब्द पुन्हा भरले की सगळं जागेवर येतं. कागद नसेल तर मात्र हात आवरायचा. घरातल्या प्रत्येकाने एकेक आकडा लावून बघायचा, हा खेळ नाही. डबी तशीच ठेवून आधी सगळं घर शोधा. पुस्तकांची पानं, फाइली, बँकेचा लॉकर, ऑफिसचा ड्रॉवर, कंपनीच्या खोक्यातलं कार्डसुद्धा.

तिसरं म्हणजे शिल्लक शून्य दिसणं. यात माणसाचं काळीज हलतं! पण बऱ्याचदा ॲपने खातेवही ताजी वाचलेली नसते, किंवा नव्या फोनवर ॲप घातल्यावर त्यात ते खातं जोडायचंच राहिलेलं असतं. कधी पैसे वेगळ्या नेटवर्कवर आलेले असतात. काही जण चोवीस शब्दांच्या जोडीला आणखी एक गुप्त शब्द लावतात. त्यात एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी डबी 'चूक' म्हणत नाही, दुसरंच रिकामं खातं उघडून दाखवते. अशा वेळी आपला पत्ता, म्हणजे खात्याचा तो लांबलचक क्रमांक, खातेवही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. पत्ता बघण्यात धोका नाही, शब्द टाकण्यात आहे. हा फरक पक्का लक्षात ठेवा. आणि बिटकॉइनचा पत्ता दर वेळी नवा दिसतो म्हणूनही घाबरू नका. जुन्या पत्त्यावर आलेले पैसेही त्याच खात्यात राहतात.

चौथं, पाठवलेले पैसे मध्येच लटकणं. फी कमी लावली की बिटकॉइनचा व्यवहार रांगेत मागे पडतो. काही वेळाने किंवा काही दिवसांनी तो पुढे सरकतो, नाहीतर रांगेतून गळून जातो आणि पैसे आपल्याच खात्यात राहतात. "अमुक भरा, म्हणजे तुमचे पैसे मोकळे करतो," असं कुणी म्हणालं तर तो चोर समजावा.

पाचवं, अपडेट. डबीच्या आतली प्रणाली अधूनमधून नवी करावी लागते आणि ते करताना कधी डबी अडकून बसते. म्हणून नियम असा, कागद समोर असल्याशिवाय अपडेटला हात लावायचा नाही. आणि ॲप कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचं. शोधल्यावर वर वर दिसणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवायचं नाही.

आणि डबी हरवली, फुटली, कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेली तर? नवी डबी आणायची, तिच्यात शब्द क्रमाने भरायचे, झालं! हे शब्द बहुतेक कंपन्या एकाच २०४८ शब्दांच्या यादीतून घेतात, त्यामुळे बहुधा दुसऱ्या कंपनीची डबीही चालते. त्या यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं इतरांपेक्षा वेगळी आहेत. म्हणून शेवटचं अक्षर पुसट झालं तरी शब्द ओळखता येतो. नवी डबी मात्र जुन्या बाजारातून घेऊ नका. आणि खोक्यात आधीच शब्द लिहिलेलं कार्ड निघालं तर ती डबी वापरूच नका. ते शब्द लिहिणाऱ्याकडे तुमच्या किल्लीचा साचा आहे!

बघा, या सगळ्या दुखण्यांचा उतारा कागदापाशीच येऊन थांबतो. आणि हे चोरांनाही पक्कं ठाऊक आहे. त्यांना तुमची डबी नको असते, कागद हवा असतो. लेजर कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये फुटली. सुमारे पावणेतीन लाख लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर बाहेर पडले. पुढे काही ग्राहकांच्या घरी कंपनीच्या नावाने बनावट डब्या आणि पत्रं आली. "तुमची डबी असुरक्षित झाली आहे, शब्द इथे भरा," असा मजकूर. आपल्याकडेही रीत तीच. डबी चालेना म्हणून कुणी इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो, पलीकडचा गोड बोलतो, स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावतो आणि मग हळूच म्हणतो, "मॅडम, तेवढे चोवीस शब्द सांगा." कंपनी हे शब्द कधीही विचारत नाही. फोनवर नाही, मेलवर नाही, पत्रातून नाही. शब्द हल्लीच्या डब्यांत डबीवरच भरायचे असतात. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. पण गेलेलं परत येईलच, या भरवशावर राहू नये.

आता मुख्य मुद्दा. हा कागद घरच्या बाईला ठाऊक का नसतो? पुरुषांना विचारलं की दोन उत्तरं येतात. एक, "तिला काय कळतंय त्यातलं?" याला मी उत्तरसुद्धा देत नाही. ज्या बाईने सोन्याच्या पाटल्या तीन पिढ्या सांभाळल्या, भिशीचा हिशेब वहीशिवाय ठेवला, तिला एक कागद सांभाळता येणार नाही? दुसरं उत्तर मात्र विचार करण्यासारखं आहे. "जितक्या जास्त लोकांना माहीत, तितका धोका जास्त." हे खरं आहे. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती पैसे. नंतर पोलिसांत जाऊन 'माझेच होते' म्हणायला तिथे नावगाव नसतं. आणि सगळीच घरं काही गोकुळ नसतात. दारूचं व्यसन, दिरा-भावांची भांडणं, नवरा-बायकोचं पटत नसणं, सगळं आपण बघतोच.

पण यावर लपवाछपवी हा तोडगा नव्हे. कागद कुठे आहे आणि कशाचा आहे, हे माहीत असणं वेगळं आणि शब्द माहीत असणं वेगळं. कागद पाकिटात घालावा, पाकीट चिकटवून त्यावर दोघांनी सह्या कराव्यात आणि वर स्वच्छ मराठीत लिहावं, 'जपून ठेवणे, टाकू नये'. एक पाकीट घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. पिन वेगळीकडे. वर तो गुप्त शब्द लावलेला असेल, तर तोही वेगळ्या पाकिटात लिहून ठेवायला हवा, नाहीतर नुसत्या चोवीस शब्दांचा उपयोग नाही. मृत्युपत्र केलं तर त्यात 'अशी मालमत्ता आहे, पाकीट अमुक ठिकाणी आहे' एवढंच लिहावं. शब्द लिहू नयेत, कारण मृत्युपत्र उद्या चार लोक वाचणार. बँकेत, विम्यात नॉमिनी असतो. या डबीला नॉमिनी नाही. नॉमिनीचं काम इथे त्या पाकिटालाच करावं लागतं.

कागद जपायचं तर आपल्याला शिकवायला नको. कोकणात दमट हवा, देशावर वाळवी, सगळीकडे उंदीर. शाई पसरते, घडीवर कागद फाटतो. म्हणून काही जण स्टीलच्या पट्टीवर शब्द ठोकून ठेवतात. पण भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे ही पट्टी देऊ नका हं! त्याने शब्द वाचले की संपलं. घरीच ठोकावेत. कागदाचा मोबाइलवर फोटो काढू नये, व्हॉट्सॲपवर पाठवू नये, मेलमध्ये ठेवू नये. आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला पाटीपूजन करतो त्या दिवशी म्हणा हवं तर, ते पाकीट जागेवर आहे का ते बघावं. कागदावरचे शब्द बरोबर आहेत का, हे तपासण्याची सोय लेजर, ट्रेझरसारख्या डब्यांत आहे. ज्याची डबी त्याने ते एकदा तपासून बायकोला, आईला 'बरोबर आहे' असं सांगावं.

ज्या बहिणींवर आधीच प्रसंग आला आहे, त्यांनाही एक सांगते. यजमानांनी असं चलन घेतलं होतं का, हेच माहीत नसेल तर प्राप्तिकराची कागदपत्रं बघा. १ जुलै २०२२ पासून अशा व्यवहारांवर एक टक्का टीडीएस कापण्याचा नियम आहे, त्याची नोंद २६एएस या उताऱ्यात दिसू शकते. २०२२-२३ या वर्षापासून रिटर्नमध्येही आभासी मालमत्तेच्या विक्रीचा वेगळा तक्ता आहे. विकलंच नसेल तर तिथे काही दिसणार नाही, पण सुरुवात करायला एक धागा मिळतो. चलन एक्स्चेंजवरच असेल तर वारसाची कागदपत्रं देऊन तिथे मागणी करता येते. डबीत किल्ली असेल तर मात्र कागदच शोधायचा. तोपर्यंत घरातली एकही जुनी वही, एकही चिठोरं रद्दीत जाऊ देऊ नका.

आपल्या आया-आज्यांनी दागिन्यांचा डबा कुठे पुरलाय हे मरणाआधी सुनेच्या कानात सांगितलं, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. आताचा डबा वेगळा आहे, कानात सांगण्याची गरज तीच आहे. तेव्हा आज रात्रीची जेवणं झाली की नवऱ्याला, मुलाला, जावयाला सरळ विचारा, "तुझ्याकडे ती डबी आहे का? असेल तर कागद कुठंय?" ते हसतील, 'तुला कशाला हवंय' म्हणतील. म्हणू देत. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. उद्या काही झालंच तर ते कपाट उघडून बसायची पाळी आपल्यावरच येणार आहे.